वेरूळचे पाटील श्री. मालोजीराजे भोसले

श्रीघृष्णेश्वराच्या वेरूळ गावी बाबाजी भोसले पाटीलकी सांभाळून शेती करीत. मालोजी व विठोजी हे त्यांचे दोन पुत्र. तलवारीचा ओढा असल्याने दोघे बंधू पुढे निजामशाहीच्या चाकरीत शिरले, परंतु वेरूळची काळी त्यांस विसरली नाही.

मालोजींच्या पत्नी उमाबाई फलटणच्या नाईक-निंबाळकरांच्या कन्या. पुष्कळ वर्षे पोटी संतान नव्हते. अहमदनगरच्या शाह शरीफ पीरास नवस झाला. पुत्र झाले, तेव्हा पीराच्या नावावरून शहाजी व शरीफजी अशी नावे ठेविली.

देवीने दृष्टान्त दिला व शेतात धन सापडले, असे बखरी सांगतात. दृष्टान्ताचे ज्याचे त्याने मानावे. धन कोठून आले यापेक्षा ते कोठे गेले, हे आम्हांस मोठे वाटते. घृष्णेश्वराच्या जीर्णोद्धाराचे श्रेय परंपरेने मालोजींकडे जाते. शिखर शिंगणापूरचा शंभुमहादेव हे भोसल्यांचे कुलदैवत. तेथील यात्रा ऐन चैत्रात, आणि डोंगरावर पाण्याचे दुर्भिक्ष. यात्रेकरूंचे हाल पाहून मालोजींनी तेथे मोठा तलाव बांधविला. वर्गणीची वही घेऊन दारोदार फिरलेल्यांस ठाऊक आहे की कळसाला देणारे लवकर भेटतात, पाण्याला देणारे उशिरा. मालोजींनी पाणी दिले.

इंदापूरच्या लढाईत ते कामी आले. मुले लहान होती. विठोजींनी त्यांस वाढविले.

शहाजीराजे व जिजाऊसाहेब यांचे पोटी 19 फेब्रुवारी 1630 रोजी शिवनेरीवर शिवछत्रपती जन्मले. 6 जून 1674 रोजी रायगडी राज्याभिषेक झाला. ते राज्य बुडविण्यास औरंगजेब बादशहा 1681 साली दक्षिणेत उतरला, तो परत गेलाच नाही. 1707 साली अहमदनगरजवळ मरण पावला. दिल्लीची पातशाही येथेच खिळखिळी झाली. त्याची कबर खुलताबादेत आहे, म्हणजे भोसल्यांच्या वेरुळाच्या अगदी शेजारी!

महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजीराजे यांनी तमिळ मुलखात तंजावरचे राज्य स्थापिले. त्यांच्या वंशातील सरफोजीराजे (दुसरे) यांनी सरस्वती महाल ग्रंथालय नावारूपास आणले, आणि 1803 साली तेथील बृहदीश्वराच्या देवळाच्या भिंतीवर भोसले कुळाचा इतिहास मराठीत कोरविला. वेरूळच्या पाटलांच्या घराण्याची ती हकिकत आजही त्या दगडांवर वाचावयास मिळते.