जेम्स वॅट आणि नादुरुस्त नमुना

जेम्स वॅटचें नांव काढतांच आमच्या बालवाचकांना चहाच्या किटलीची गोष्ट आठवेल. गोष्ट गोड आहे खरी. परंतु वॅटच्या जन्मापूर्वींच, १७१२ सालीं, न्यूकोमेन ह्यानें खाणींतील पाणी उपसणारें वाफेचें एंजिन चालू केलें होतें. वॅटचें कार्य निराळें, आणि त्याचा आरंभ झाला एका दुरुस्तीपासून.

वॅटचा जन्म १९ जानेवारी १७३६ रोजीं स्कॉटलंडांतील ग्रीनॉक ह्या बंदरीं झाला. प्रकृति नाजूक, डोकें वारंवार दुखे. त्यामुळें शाळेपेक्षां वडिलांच्या कारखान्यांतच तो अधिक रमे. १७५५ सालीं लंडनला जाऊन गणिती उपकरणें बनविण्याची विद्या त्यानें वर्षभरांत संपादिली. रीतसर उमेदवारी न झाल्यामुळें ग्लासगोच्या कारागीर-संघानें त्याला दुकान घालूं दिलें नाहीं. तेव्हां विद्यापीठानें आपल्या आवारांत त्याला जागा दिली.

तेथें १७६३ च्या हिवाळ्यांत न्यूकोमेनच्या एंजिनाचा एक लहान नमुना त्याजकडे दुरुस्तीस आला. लंडनच्या एका कारागिराकडे तो एकदां जाऊन आला होता. वॅटनें तो नीट केला. तरी चार हेलकावे देऊन तो थांबे. दुसरा कोणी असता तर दुरुस्तीचे पैसे घेऊन मोकळा झाला असता! वॅट कारण शोधीत बसला. नळकांड्यांत वाफ शिरे, मग थंड पाण्याचा फवारा येई, वाफेचें पाणी होऊन आंत पोकळी होई आणि बाहेरच्या हवेच्या दाबानें दट्ट्या खालीं येई. परंतु त्या फवाऱ्यानें नळकांडेंही थंड पडे व पुढची वाफ तें तापविण्यांतच जाई. मोजून पाहतां एका खेपेस नळकांड्याच्या सुमारें चौपट वाफ लागत होती. म्हणजे रुपयांतले बारा आणे फुकट. लहान नळकांड्यास आंतील जागेच्या मानानें अंगाचा पत्रा अधिक, म्हणून मोठ्या एंजिनांत झांकलेला दोष येथें उघडा पडला.

१७६५ च्या मे महिन्यांत एका रविवारीं फिरावयास गेला असतां त्याला उपाय सुचला: नळकांडें सदा तापलेलें ठेवावें, आणि वाफ निराळ्या थंड पात्रांत नेऊन तिचें पाणी करावें. रविवारीं काम करण्याची तेथें चाल नव्हती. पण पुढें लवकरच एक पितळी पिचकारी घेऊन त्यानें नवा नमुना जुळविला, आणि तो चालला.

मोठें एंजिन मात्र होईना. दट्ट्या घट्ट बसेल असें नळकांडेंच कोणास करतां येईना. १७६९ सालीं पेटंट मिळालें, पण भागीदार रोबक कर्जांत बुडाला. पोटासाठीं वॅट कालव्यांची मोजणी करीत रानोमाळ हिंडे. १७७३ सालीं तो अशाच कामावर दूर असतां त्याची पत्नी मार्गारेट वारली. शालेय पुस्तकांत हीं वर्षें एका ओळींत संपतात; आम्हांस तीच सर्वांत थोर वाटतात.

१७७४ सालीं तो बर्मिंगहॅमला बोल्टनकडे गेला. विल्किन्सननें नळकांडीं अचूक कोरून दिलीं आणि १७७६ सालीं एंजिनें कामाला लागलीं. वांचलेल्या कोळशाच्या किंमतीचा तिसरा हिस्सा ते मोबदला घेत.

१८०० सालीं निवृत्त झाल्यावरही वॅट घराच्या माळ्यावर हत्यारें मांडून मूर्तींच्या प्रतिकृति कोरणारें यंत्र करीत बसे. २५ ऑगस्ट १८१९ रोजीं तो निवर्तला. ती खोली बहुतेक जशीच्या तशी राहिली व १९२४ सालीं लंडनच्या सायन्स म्यूझियमकडे गेली. तो हट्टी नमुना ग्लासगो विद्यापीठाच्या संग्रहालयांत आहे.