विल्यम लॅम्बटन

विल्यम लॅम्बटन (जन्म: इ.स. १७५३च्या सुमारास, यॉर्कशायर, इंग्लंड. मृत्यू: जानेवारी, इ.स. १८२३, हिंगणघाट, जि. वर्धा, महाराष्ट्र) हे ब्रिटिश लष्करी अधिकारी, सर्वेक्षक व भूगणितज्ञ होते. भारताच्या महान त्रिकोणमितीय सर्वेक्षणाचा पाया त्यांनी घातला. कन्याकुमारीजवळून उत्तरेकडे, साधारणपणे ७८° पूर्व रेखावृत्ताच्या आसपास नेलेली त्रिकोणांची साखळी हे त्यांचे मुख्य कार्य होय. पुढे ही साखळी हिमालयाच्या पायथ्यापर्यंत पोहोचली व ‘ग्रेट आर्क’ या नावाने प्रसिद्ध झाली. दूरच्या वस्तूपर्यंत न जाता, केवळ कोनांवरून तिचे स्थान व अंतर अचूक काढण्याची पद्धत त्यांनी भारतात मोठ्या प्रमाणावर राबवली.

प्रारंभिक जीवन

लॅम्बटन यांचा जन्म नॉर्दॅलर्टन गावाजवळील एका सामान्य शेतकरी कुटुंबात झाला. त्यांच्या जन्मवर्षाबाबत एकवाक्यता नाही. गणितातील गतीमुळे त्यांना नॉर्दॅलर्टन येथील शाळेत शिक्षण घेता आले. इ.स. १७८१ मध्ये ते सैन्यात दाखल झाले आणि अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धाच्या काळात त्यांची रवानगी अमेरिकेत झाली. युद्धानंतर अनेक वर्षे ते कॅनडातील न्यू ब्रन्सविक येथे होते. तेथे हाती असलेला वेळ त्यांनी गणित व भूमापनशास्त्राच्या अभ्यासात घालवला. सूर्यग्रहणाचे निरीक्षण करताना त्यांच्या एका डोळ्याची दृष्टी अधू झाली. ज्यांचे पुढील सर्व काम दुर्बिणीतून नेम साधण्याचे होते, त्यांनी ते प्रामुख्याने एकाच डोळ्याने केले.

भारतात आगमन

इ.स. १७९६च्या सुमारास लॅम्बटन ३३व्या पायदळ पलटणीसोबत भारतात आले. या पलटणीचे प्रमुख आर्थर वेलस्ली हे होते. इ.स. १७९९ मधील चौथ्या म्हैसूर युद्धात, श्रीरंगपट्टणच्या मोहिमेवर एका रात्री जनरल बेअर्ड यांची तुकडी वाट चुकली. ताऱ्यांच्या स्थितीवरून तुकडी शत्रूच्या दिशेने चालली असल्याचे लॅम्बटन यांच्या लक्षात आले व त्यांनी ते वरिष्ठांना वेळीच सांगितले, असा प्रसंग त्यांच्या चरित्रात नोंदवला जातो.

टिपू सुलतानच्या पाडावानंतर मोठा प्रदेश कंपनीच्या प्रभावाखाली आला. लॅम्बटन यांनी द्वीपकल्पाच्या पूर्व किनाऱ्यापासून पश्चिम किनाऱ्यापर्यंत त्रिकोणमितीय सर्वेक्षण करण्याचा प्रस्ताव मांडला. महसूल व लष्करी हालचाली यांसाठी नकाशे हवे असल्याने कंपनीला त्यात रस होता. लॅम्बटन यांना मात्र त्यासोबतच पृथ्वीचा आकार निश्चित करावयाचा होता. पालखीचे भोई रस्ता जाणत असताना शहरांची स्थाने मोजण्यावर खर्च कशाला, असाही आक्षेप मद्रासमध्ये घेतला गेला. तथापि वेलस्ली व मद्रासचे गव्हर्नर एडवर्ड क्लाइव्ह यांच्या पाठिंब्यामुळे प्रस्ताव मंजूर झाला.

आधाररेषा व मोजणीची पद्धत

त्रिकोणाची एक बाजू व कोन ठाऊक असल्यास उरलेल्या दोन्ही बाजू गणिताने काढता येतात. काढलेली बाजू पुढच्या त्रिकोणाचा पाया होते आणि अशा रीतीने त्रिकोणांची साखळी वाढत जाते. मात्र पहिल्या बाजूच्या मापात राहिलेली चूक प्रत्येक त्रिकोणात उतरते. म्हणून या पहिल्या बाजूच्या, म्हणजेच आधाररेषेच्या, मोजणीवर लॅम्बटन यांनी सर्वाधिक कष्ट घेतले.

मद्रासजवळील सेंट थॉमस माउंट येथे १० एप्रिल, इ.स. १८०२ रोजी या मोजणीस प्रारंभ झाला. सुमारे साडेसात मैलांची ही रेषा १०० फूट लांबीच्या पोलादी साखळीने मोजण्यास ५७ दिवस लागले. साखळी जमिनीवर न अंथरता तिवयांवर ठेवलेल्या लाकडी पेट्यांतून सरळ ताणली जाई व तिच्यालगत तापमापक ठेवले जात. पोलाद उष्णतेने प्रसरण पावते. तापमान १० अंश सेल्सिअसने वाढले, तर १०० फुटांची साखळी सुमारे साडेतीन मिलिमीटर लांबते. एका खेपेस नगण्य वाटणारा हा फरक साखळी ४०० वेळा टाकल्यावर सुमारे १४० सेंटिमीटर होतो. म्हणून तापमानानुसार प्रत्येक मापात दुरुस्ती केली जाई. कामाची साखळी वापराने ताणली गेली आहे काय, हे पाहण्यासाठी दुसरी साखळी केवळ तुलनेपुरती राखून ठेवलेली होती.

कोन मोजण्यासाठी लंडनच्या विल्यम केरी यांनी बनवलेला मोठा थिओडोलाइट वापरला गेला. त्याची आडवी वर्तुळपट्टी ३६ इंच व्यासाची आणि एकूण वजन सुमारे अर्धा टन होते. ते घेऊन येणारे जहाज फ्रेंचांच्या हाती लागले होते. परंतु हे शास्त्रीय उपकरण असल्याचे पाहून त्यांनी ते मॉरिशसहून मद्रासला पाठवून दिले. शक्य तेथे त्रिकोणाचे तिन्ही कोन प्रत्यक्ष मोजण्यावर लॅम्बटन यांचा भर होता. दोन कोनांवरून तिसरा काढता येत असला, तरी तसे केल्यास चूक उघडकीस येत नाही. पृथ्वीच्या गोलाईमुळे मोठ्या त्रिकोणाच्या कोनांची बेरीज १८० अंशांहून किंचित अधिक भरते. सुमारे २०० चौरस किलोमीटर क्षेत्रामागे ही वाढ एक विकला असते. हा हिशेबही त्यांनी गणनेत धरला.

साखळी काही अंतर पुढे गेल्यावर ते नवी आधाररेषा प्रत्यक्ष मोजून गणिताने आलेल्या लांबीशी ताडून पाहत. इ.स. १८०४ मध्ये बंगळूर येथे केलेल्या अशा पडताळणीत, सात मैलांहून अधिक लांबीच्या रेषेत केवळ काही इंचांचा फरक आढळला. मद्रास ते मंगळूर ही साखळी पूर्ण झाल्यावर द्वीपकल्पाची तेथील रुंदी सुमारे ४०० मैल नसून ३६० मैल असल्याचे सिद्ध झाले.

तंजावर येथील अपघात

इ.स. १८०८ मध्ये तंजावरच्या सपाट प्रदेशात उंच जागा न मिळाल्याने थिओडोलाइट बृहदीश्वर मंदिराच्या शिखरावर चढवण्यात येत होता. दोर तुटून तो भिंतीवर आदळला व त्याची वर्तुळपट्टी वाकली. इंग्लंडहून नवे उपकरण येण्यास मोठा कालावधी लागला असता. लॅम्बटन यांनी सुमारे सहा आठवडे तंबूत स्वतःला कोंडून घेतले आणि कारागिरांच्या मदतीने पट्टी हळूहळू मूळ आकारावर आणली. दुरुस्त केलेल्या याच उपकरणाने पुढे अनेक वर्षे काम झाले.

दक्षिणेकडून विदर्भाकडे

उत्तर-दक्षिण साखळी पुढे सरकत इ.स. १८१५ मध्ये बीदर परिसरात पोहोचली. तोवर सुमारे ८° ते १८° उत्तर अक्षांशांदरम्यान, म्हणजे जवळपास दहा अंशांचा कंस मोजून झाला होता. अठराव्या शतकात पेरू मोहिमेने मोजलेला प्रसिद्ध कंस सुमारे तीन अंशांचा होता, हे लक्षात घेतल्यास या कामाची व्याप्ती ध्यानात येते. उत्तरेकडे जाताना एका अंशाची लांबी वाढत असल्याचे मोजमापांतून दिसले व पृथ्वी ध्रुवांकडे चपटी असल्याच्या सिद्धान्तास पुष्टी मिळाली.

इ.स. १८१८ मध्ये हे काम मद्रास सरकारकडून गव्हर्नर जनरलच्या अखत्यारीत आले व त्यास ‘भारताचे महान त्रिकोणमितीय सर्वेक्षण’ असे नाव मिळाले. त्याच वर्षी जॉर्ज एव्हरेस्ट हे मुख्य साहाय्यक म्हणून हैदराबाद येथे रुजू झाले. लंडनच्या रॉयल सोसायटीने लॅम्बटन यांना सदस्यत्व दिले, तर फ्रान्सच्या विज्ञान अकादमीने संवादी सदस्य म्हणून त्यांची निवड केली.

बीदरच्या पुढे साखळी वऱ्हाडाच्या दिशेने गेली. ७८° पूर्व रेखावृत्त आजच्या यवतमाळ जिल्ह्यातून जाते. यवतमाळ शहर त्याच्या किंचित पूर्वेस, तर महागाव, पुसद व उमरखेड ही गावे किंचित पश्चिमेस आहेत. जंगल, नद्यांचे पूर व हिवताप यांमुळे क्षेत्रकाम कष्टाचे होते. टेकड्यांवर निशाण धरणारे, झाडी तोडून दृष्टिरेषा मोकळी करणारे व उपकरणे वाहणारे मदतनीस बहुतांशी स्थानिक होते. त्यांपैकी अनेक जण तापाने दगावले. अधिकाऱ्यांची नावे इतिहासात राहिली, यांची सहसा राहिली नाहीत.

मृत्यू

सर्वेक्षणाचे मुख्यालय हैदराबादहून नागपूरला हलवण्याचे ठरले. प्रकृती खालावलेली असतानाही लॅम्बटन प्रवासास निघाले. वाटेत हिंगणघाट येथे जानेवारी, इ.स. १८२३ मध्ये त्यांचे निधन झाले. त्या वेळी त्यांचे वय सत्तरीच्या घरात होते. त्यांची समाधी हिंगणघाट येथे आहे.

वारसा

लॅम्बटन यांच्यानंतर जॉर्ज एव्हरेस्ट प्रमुख झाले. त्यांच्या कारकिर्दीत हा कंस सुमारे २,४०० किलोमीटर लांब झाला. दोघांच्या मोजमापांच्या आधारे ठरवलेला ‘एव्हरेस्ट गोलाभ’ भारतीय नकाशांसाठी दीर्घकाळ प्रमाण मानला गेला. पुढे राधानाथ सिकदर यांच्या गणनेतून सर्वोच्च ठरलेल्या शिखरास इ.स. १८६५ मध्ये एव्हरेस्ट यांचे नाव मिळाले. पाया घालणाऱ्या लॅम्बटन यांचे नाव मात्र अभ्यासकांपुरते मर्यादित राहिले.

आधुनिक मोजणीशी संबंध

छायाचित्रांवरून वस्तूचे माप काढण्याच्या फोटोग्रामेट्री या तंत्रामागे हीच भूमिती आहे. जर्मन वास्तुविशारद आल्ब्रेख्त मायडेनबाउअर यांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात इमारतींच्या मोजणीसाठी ते विकसित केले. यात थिओडोलाइटची जागा कॅमेरा घेतो. एकच बिंदू दोन वा अधिक ठिकाणांहून टिपला, की दृष्टिरेषांच्या छेदावरून त्याचे स्थान मिळते.

लॅम्बटन यांनी पाळलेली पथ्ये या तंत्रासही लागू पडतात. केवळ छायाचित्रांवरून आकार कळतो, प्रत्यक्ष माप कळत नाही. म्हणून दृश्यात अचूक लांबीची पट्टी किंवा मोजलेले खुणेचे बिंदू असावे लागतात. ही ज्ञात लांबी फार तोकडी असल्यास तिच्यातील चूक संपूर्ण मापात अनेक पटींनी वाढते. कॅमेऱ्याच्या दोन स्थानांमधील अंतर अगदी कमी असल्यास दृष्टिरेषा जवळजवळ समांतर होतात व खोलीचे माप अविश्वसनीय ठरते. म्हणूनच लगतची छायाचित्रे एकमेकांना पुरेशी झाकतील, परंतु वेगवेगळ्या जागांवरून घेतलेली असतील, अशी योजना केली जाते; हवाई छायाचित्रणात हे आच्छादन एका ओळीत सामान्यतः ६० टक्के ठेवतात. चित्रणादरम्यान भिंगाचा झूम बदलत नाहीत. शेवटी, गणनेत न वापरलेले एखादे अंतर प्रत्यक्ष मोजून निष्कर्षाशी ताडले जाते. बंगळूरची आधाररेषा लॅम्बटन यांनी याच हेतूने मोजली होती.

सर्वेक्षणाची ही परंपरा चालवणाऱ्या भारतीय सर्वेक्षण विभागाने इ.स. २०२० पासून स्वामित्व योजनेअंतर्गत ड्रोनद्वारे गावठाणांचे मोजमाप केले आहे. त्यावरून घरमालकांना मिळकत पत्रिका दिल्या जातात. अशा कामात फूटभर चूकही दोन शेजाऱ्यांमधील सामाईक भिंतीच्या वादास कारण ठरू शकते.