डॉ. शिरोडकरांचा टाका

आमच्या अवसरी बुद्रुकसारख्या गावात पिशवीला टाका घालणे ही गोष्ट बायकांच्या बोलण्यात सहज येते. कुणाच्या सुनेचे दिवस चौथ्या-पाचव्या महिन्यात पुन्हा पुन्हा वाया गेलेले असतात. मग मंचरला किंवा पुण्याला नेऊन टाका घालतात आणि पुढे घरात पाळणा हलतो. हा टाका जगभर एका मराठी मुलखातल्या माणसाच्या नावाने ओळखला जातो, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असते. त्यांचे नाव डॉ. विठ्ठल नागेश शिरोडकर.

त्यांचा जन्म १८९९ साली गोव्यातल्या शिरोडा गावी झाला. शालेय शिक्षण हुबळीला घेऊन ते मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात आले. १९२३ साली एम.बी.बी.एस. आणि १९२७ साली स्त्रीरोग व प्रसूतिशास्त्रात एम.डी. झाले. १९३१ साली इंग्लंडात एफ.आर.सी.एस. मिळवून ते परतले आणि १९४० साली आपल्याच कॉलेजात प्राध्यापक झाले.

त्या काळाचा विचार केला की या प्राध्यापकपदाचे मोल कळते. पुण्याचे बी. जे. मेडिकल कॉलेज १९४६ साली सुरू झाले, नागपूरचे १९४७ साली. तोपर्यंत या मुलखात विशेषज्ञ व्हायचे तर मुंबईच गाठावी लागे. जे. जे. रुग्णालयात प्राध्यापकांच्या शेजारी उभे राहून जो हात तयार होई, तो पुढे दूरदूरच्या गावांच्या कामी येई. शस्त्रक्रिया पुस्तकात वाचून येत नाही. सुई किती खोल न्यायची, गाठ किती आवळायची, हे बघून आणि करूनच शिकावे लागते.

वारंवार गर्भपात होणाऱ्या बाईला पूर्वी बहुधा अंथरुणावर झोपवून ठेवत आणि औषधे देत. शिरोडकरांनी वेगळा विचार केला. काही बायकांच्या गर्भाशयाचे तोंडच कमकुवत असते. मूल वाढू लागले की ते कळा न येताच उघडते. मग त्याला बाहेरून आधार का देऊ नये? त्यांनी मूत्राशय थोडे वर सारून गर्भाशयाच्या तोंडाभोवती, त्याच बाईच्या मांडीतून काढलेल्या चिवट पडद्याची पट्टी गुंफली. ही पद्धत १९५५ साली मद्रासच्या ‘अँटिसेप्टिक’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाली. दोन वर्षांनी मेलबर्नच्या मॅकडोनाल्ड यांनी सोपा टाका सुचवला. आज दोन्ही पद्धती वापरात आहेत. अर्थात प्रत्येक गर्भपाताला टाका हा उपाय नव्हे. आधीचा इतिहास आणि सोनोग्राफी पाहूनच डॉक्टर ते ठरवतात.

मला त्यांचे दुसरे काम तितकेच मोठे वाटते. बाळंतपणानंतर पुरती विश्रांती न घेता शेतात राबणाऱ्या कितीतरी तरुण बायकांचे अंग बाहेर येते. पिशवी काढून टाकली की प्रश्न मिटतो, पण आई होण्याची आशाही मिटते. शिरोडकरांनी पिशवी जागेवर धरून ठेवणारी शस्त्रक्रिया बसवली. त्याच वेळी कुटुंबनियोजनाच्या चळवळीतही ते पुढे होते. हवे असलेले मूल टिकावे आणि नको असताना बाईवर बाळंतपण लादले जाऊ नये, या दोन्ही गोष्टी एकाच माणसाने मनावर घेतल्या होत्या.

आपली विद्या त्यांनी मुठीत ठेवली नाही. परदेशात जाऊन शस्त्रक्रिया करून दाखवल्या, १९६० साली आपल्या कामाचा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्याच वर्षी त्यांना पद्मभूषण मिळाले, १९७१ साली पद्मविभूषण. आणि त्याच १९७१ च्या ७ मार्चला ते गेले.

तालुक्याच्या गावी एखादा विशेषज्ञ टिकतो, तेव्हा त्याच्यामागे अशा शिक्षकांची परंपरा उभी असते. शिरोडकरांचे नाव ठाऊक नसलेल्या घरांतही त्यांच्या टाक्यामुळे जन्मलेली मुले आज नातवंडे खेळवत आहेत. शिक्षकाला याहून मोठी गुरुदक्षिणा कोणती?