चौफुलीवरचा सैतान आणि रॉबर्ट जॉन्सनची मेहनत

विंचूरहून निघालेला रस्ता येवल्यात शिरला की जी मोठी चौफुली लागते तिला विंचूर चौफुली म्हणतात. याच येवल्यात १३ ऑक्टोबर १९३५ रोजी विश्वरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी धर्मांतराची घोषणा केली. विंचूर-निफाडकडची आपली माणसे मुक्तिभूमीला वंदन करायला याच रस्त्याने येतात. तरीही अमावास्या उलटली की आपल्या मुलखातल्या कुठल्या ना कुठल्या चौफुलीवर लिंबू, नारळ आणि कुंकवाचा उतारा पडलेला दिसतोच. चौफुली म्हणजे भुताखेतांचा अड्डा, ही समजूत काही फक्त आपल्याच देशाची मिरासदारी नाही. अमेरिकेतल्या एका थोर काळ्या कलावंताची सारी मेहनत अशाच एका चौफुलीवर सैतानाच्या नावे जमा करण्यात आली. त्या कलावंताचे नाव रॉबर्ट जॉन्सन.

महात्मा जोतीराव फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अमेरिकेतल्या गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या लोकांना अर्पण केला होता. तेव्हापासून तिथल्या काळ्या माणसाचे दुःख आपल्याला परके नाही. त्याची कला मात्र आपल्याकडे फारशी पोहोचली नाही, म्हणून हा प्रपंच.

रॉबर्टचा जन्म मिसिसिपी राज्यातल्या हेझलहर्स्ट गावचा. ८ मे १९११ ही तारीख सर्वसाधारणपणे धरली जाते. आई ज्युलिया. तिचा नवरा चार्ल्स डॉड्स हा जमीनजुमला राखून असलेला, लाकडी सामान बनवणारा काळा माणूस. काळा माणूस स्वतःच्या हिमतीवर उभा राहिला की गोऱ्यांच्या डोळ्यांत सलतो. आपल्याकडे विहिरीला पाणी लागलेला दलित शेतकरी गावाला सलतो, तसेच हे. गोऱ्यांशी झालेल्या वादात जीव वाचवण्यासाठी चार्ल्सला मेम्फिसला पळून जावे लागले आणि तिथे नाव बदलून राहावे लागले. मागे राहिलेल्या ज्युलियाला शेतमजूर नोआ जॉन्सनपासून झालेला मुलगा तो रॉबर्ट. काही वर्षे तो मेम्फिसला चार्ल्सच्याच घरी वाढला, शाळेत गेला. पुढे आई आणि सावत्र बाप यांच्याबरोबर कापसाच्या मळ्यावर आला. मळ्यातली मजुरी त्याला नको होती, गिटार हवी होती. १९२९ साली त्याने व्हर्जिनिया ट्रॅव्हिस या मुलीशी लग्न केले. पुढच्याच वर्षी ती बाळंतपणात गेली, मूलही गेले.

आता खरा मुद्दा. रॉबिन्सनव्हिल गावात सन हाऊस आणि विली ब्राऊन हे दोन नामांकित गवई होते. पोरगा रॉबर्ट त्यांच्या मध्यंतरात त्यांची गिटार उचलायचा आणि असे काही वाजवायचा की लोक वैतागायचे. सन हाऊसने त्याला हाकलले. रॉबर्ट गाव सोडून गेला. परत आला तेव्हा त्याची बोटे अशी चालू लागली होती की हाकलणारेच थक्क झाले. मग लोक म्हणू लागले, याने मध्यरात्री चौफुलीवर सैतानाला आत्मा विकला!

वस्तुस्थिती काय होती? रॉबर्ट आपल्या जन्मगावाच्या बाजूला गेला होता. तिथे ब्यूरगार्ड गावात आइक झिमरमन नावाचा काळा गिटारवादक राहत असे. रॉबर्ट त्याच्या घरी राहिला, त्याच्याकडे शिकला. रात्री घरच्यांची झोपमोड नको आणि वाजवण्यात कुणाचा व्यत्ययही नको, म्हणून दोघे जवळच्या कब्रस्तानात थडग्यांवर बसून सराव करीत. झिमरमनच्या मुलीनेच ही हकिकत पुढे संशोधकांना सांगितली. म्हणजे तिथे गुरू होता, शिष्य होता आणि रात्रींची जागरणे होती. सैतान कुठेच नव्हता. गंमत म्हणजे आत्मा विकल्याची मूळ कथा टॉमी जॉन्सन नावाच्या दुसऱ्याच गवयाची, त्याच्या भावाने सांगितलेली. ती उचलून रॉबर्टच्या गळ्यात बांधली गेली, आणि पुढे गोऱ्या लेखकांनी व रेकॉर्ड कंपन्यांनी ती विकून खाल्ली.

चौफुलीवरचे त्याचे गाणे प्रसिद्ध आहे. आम्ही ते कान देऊन ऐकले. त्यात सैतानाचा सौदा नाही. रस्त्यावर एकटा उभा असलेला माणूस गाडीला हात करतो, कुणी थांबत नाही, आणि दिवस मावळत चालला आहे. मिसिसिपीत सूर्य मावळल्यावर परक्या रस्त्यावर सापडलेल्या काळ्या माणसाचे काय होई हे ठाऊक असणाऱ्याला या भीतीसाठी सैतान लागत नाही. पेशवाईत कमरेला झाडू आणि गळ्यात मडके बांधून चालणाऱ्यांच्या वारसांना तर नाहीच लागत.

रॉबर्टची जादू होती ती तारा जुळवण्यात. नेहमीच्या पद्धतीने गिटारच्या सहा तारा जाडीकडून बारीककडे ई, ए, डी, जी, बी, ई अशा लावतात. काळ्या गवयांनी त्या मोडून अशा लावल्या की बोट न ठेवता नुसता हात फिरवला तरी पूर्ण स्वरसंगती वाजावी. याला खुली जुळवणी म्हणता येईल. तारांवरून बाटलीचा गळा किंवा चाकू घासत न्यायचा असला की ती फार सोयीची पडते. डेल्टामधली पोरे भिंतीवर झाडू बांधायची तार ठोकून, तिच्यावर बाटली सरकवून वाजवायला शिकत. एका तारेवर अख्खे गाणे पेलणारे आपले तुणतुणे ज्यांनी ऐकले आहे, त्यांना हे नाते समजावून सांगायला नको. रॉबर्ट निरनिराळ्या जुळवण्या वापरी, आणि इतर वादक टक लावून पाहू लागले की सावध होई. सॅन अँटोनियोत रेकॉर्डिंगच्या वेळी तो भिंतीकडे तोंड करून बसला. कुणी म्हणते लाजाळूपणा, कुणी म्हणते आवाज घुमावा म्हणून, कुणी म्हणते जुळवणी लपवण्यासाठी. आम्हाला तिसरे कारण पटते. ज्याच्याजवळ विद्येशिवाय दुसरी इस्टेट नाही, तो ती राखणारच.

गावोगावच्या आपल्या गायनपार्ट्यांत आता पेटी-ढोलकीच्या जोडीला गिटारही दिसते. त्या पोरांसाठी ही विद्या उघड सांगून टाकतो. पांढरी पाच, म्हणजे जी सुराची खुली जुळवणी हवी असेल तर सहावी, पाचवी आणि पहिली अशा तीनच तारा एकेक पूर्ण स्वर उतरवायच्या. पांढरी दोनसाठी सहावी, दुसरी आणि पहिली एकेक पूर्ण स्वर आणि तिसरी अर्धा स्वर उतरवायची. दोन्हींत तार सैल होते, म्हणून वाद्याला धोका नाही. फार तर तार पडद्याला लागून झणझणेल. मग थोडी जाड तार घालावी. धोका आहे तो चढवण्यात. पांढरी तीन किंवा पांढरी सहाची खुली जुळवणी तारा चढवून करतात. पूर्ण स्वर चढवला की त्या तारेवरचा ताण सुमारे पाव हिश्शाने वाढतो. मुळात पोलादी तारांच्या गिटारवर सगळ्या मिळून ७० किलोच्या आसपास ताण असतो. त्यात भर पडली की जुनी तार तुटते, ब्रिज उचकटतो, मान वाकते. कर्ज काढून घेतलेली गिटार एका रात्रीत निकामी! म्हणून गायकाने उंच सूर मागितला तर खुंटी पिळू नये, उतरवलेल्या जुळवणीवर कॅपो लावावा. जी वर दुसऱ्या पडद्याशी कॅपो लावला की पांढरी सहा मिळते, पहिल्याशी लावला की काळी चार. मोबाइलवरचा ट्यूनर डी दाखवतो म्हणून सहावी तार वरच्या सप्तकातल्या डी पर्यंत ओढत नेणारे महाभागही आहेत. तार आधी सैल करावी, मग हळूहळू सुरात आणावी, आणि त्या वेळी तोंड तारेजवळ नेऊ नये. नायलॉनच्या तारांच्या गिटारवर पोलादी तारा तर कधीच चढवू नयेत. रॉबर्टच्या मोजक्या फोटोंपैकी सिगारेट ओठात धरलेल्या फोटोत गिटारवर कॅपो लावलेला दिसतो. १९९४ साली अमेरिकेच्या टपाल खात्याने त्याच्यावर तिकीट काढले तेव्हा सिगारेट तेवढी पुसून टाकली.

त्याची सारी रेकॉर्डिंगे दोनच ठिकाणची: नोव्हेंबर १९३६ मध्ये सॅन अँटोनियो, जून १९३७ मध्ये डॅलस. एकूण २९ गाणी. सॅन अँटोनियोत तर पोलिसांनी त्याला भटक्या म्हणून पकडून मारहाण केल्याचे रेकॉर्डिंग करणारे डॉन लॉ यांनी पुढे सांगितले. हा झिमरमनचा शिष्य पुढे स्वतःही गुरू झाला. हेलेना गावात ज्या बाईबरोबर तो राहत असे, तिच्या मुलाला, रॉबर्ट लॉकवूडला, त्याने स्वतः शिकवले. लॉकवूड पुढे नामांकित वादक झाला. आपल्या कलावंतांना रक्तातच गाणे आहे म्हणणारे लोक आम्हाला म्हणूनच खटकतात. सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीच्या वामनदादा कर्डकांनी मोठेपणी अक्षरओळख करून घेतली आणि मग हजारो गाणी लिहिली. ते रक्तातून आले नव्हते, कष्टातून आले होते.

१६ ऑगस्ट १९३८ रोजी ग्रीनवूडजवळ रॉबर्ट जॉन्सन वारला. वय २७. विषप्रयोग झाला असे लोक सांगतात. मृत्यूच्या दाखल्यावर कारणाच्या जागी डॉक्टर नव्हता एवढीच नोंद आहे. त्याच वर्षी २३ डिसेंबरला न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये काळ्यांच्या संगीताचा मोठा जलसा झाला. जॉन हॅमंड यांनी त्यासाठी रॉबर्टला बोलावणे धाडले, तेव्हा तो गेल्याचे कळले. मग रंगमंचावर ग्रामोफोन ठेवून त्याच्या दोन तबकड्या वाजवण्यात आल्या. १९९० साली त्याच्या सगळ्या गाण्यांचा संच निघाला आणि दहा लाखांहून अधिक खपला. त्या पैशाचा वारस कोण यावर मिसिसिपीत खटला चालला. १९९८ साली न्यायालयाने क्लॉड जॉन्सन यांना रॉबर्टचा मुलगा म्हणून मान्यता दिली. ते तोवर ट्रकवर खडी वाहत होते.