छप्पर असलेल्या पुलांचा कारागीर

विद्यार्थी मित्रांनो, पूल तुम्ही पुष्कळ पाहिले असतील. ओढ्यावरचा दगडी पूल, महामार्गावरचा सिमेंटचा पूल, रेल्वेचा लोखंडी पूल. पण घरासारखे छप्पर आणि दोन्ही बाजूंना लाकडी भिंती असलेला पूल तुम्ही कधी पाहिला आहे का? युरोपातील स्वित्झर्लंड या डोंगराळ देशात असे पूल आजही आहेत. ते बांधण्यात ज्यांचे नाव सर्वांत मोठे झाले, ते हान्स उलरिख ग्रुबेनमान हे एक सुतार होते.

पुलाला छप्पर कशाला, असे तुम्हाला वाटेल. वाटसरू भिजू नये म्हणून? तसे नाही. हे छप्पर माणसांपेक्षा लाकडासाठी असते. पाऊस आणि बर्फाचे पाणी सांध्यांत मुरले की लाकूड कुजते आणि थोड्याच वर्षांत पूल धोक्याचा होतो. तेच लाकूड कोरडे राहिले तर दोनशे वर्षेही टिकते.

ग्रुबेनमान यांचा जन्म 1709 साली अपेनझेल प्रदेशातील टॉयफेन या गावी झाला. वडील सुतार, थोरले भाऊ याकोब आणि योहान्सही सुतार. करवत, रंधा आणि पटाशी हीच त्या घरातील मुलांची पाटी-पेन्सिल होती. मोठ्या विद्यालयात शिकण्याचा योग हान्स उलरिख यांना आला नाही. लाकूड कोठे वाकते, कोठे दबते आणि कोठे ताणले जाते, हे ते हाताने काम करता करता शिकले.

त्या डोंगरांत वसंत ऋतूत बर्फ वितळते आणि नद्यांना जोराचा पूर येतो. नदीच्या मधोमध खांब उभा केला तर पुराचे पाणी त्याचा पाया पोखरते. म्हणून खांबाशिवाय एका काठावरून दुसऱ्या काठावर पोहोचणारा पूल हवा होता. ग्रुबेनमान जाड तुळया एकमेकींना तिरक्या टेकवीत. वरचा भार त्या तिरक्या तुळयांतून दोन्ही काठांवरच्या भक्कम दगडी बांधकामावर जाई. छपराचे वासेही या सांगाड्यातच गुंफलेले असत.

आता शाफहाउझेन या शहराची गोष्ट ऐका. हे शहर ऱ्हाइन नदीच्या काठी आहे. (उर्दूत आपण नदीला दरिया म्हणतो, पण मराठीत दर्या म्हणजे समुद्र. हा फरक ध्यानात ठेवा. परीक्षेत अनेकांची येथेच गफलत होते!) शहराच्या थोडे खाली मोठा धबधबा असल्यामुळे होड्यांतील माल येथेच उतरवावा लागे. व्यापारावर चालणाऱ्या या शहराचा दगडी पूल 1754 साली कोसळला. त्याचा मधला एक खांब तेवढा शिल्लक राहिला.

ग्रुबेनमान यांनी नगरसभेपुढे लाकडाचा एक नमुना ठेवला. त्यात मध्ये एकही खांब नव्हता. सुमारे 119 मीटर रुंदीचे पात्र एकाच झेपेत ओलांडायचे, असा त्यांचा बेत होता. तेवढा लांब लाकडी पूल तोवर कोणी पाहिला नव्हता. नगरसभेला धीर होईना. उरलेल्या खांबाचा आधार घेतलाच पाहिजे, असा तिने आग्रह धरला. मला यात नगरसभेची फार मोठी चूक दिसत नाही. डोळ्यांदेखत पूल पडलेल्या लोकांनी सावध राहणे साहजिकच होते. पण ज्याने मनात संपूर्ण पूल उभा केला होता, त्या कारागिराला काय वाटले असेल?

ग्रुबेनमान यांनी अट मान्य केली. 1758 साली पूल तयार झाला. त्याचे दोन भाग होते, एक सुमारे 52 मीटरचा आणि दुसरा सुमारे 59 मीटरचा. मात्र लोकांत एक गोष्ट पसरली. काम संपताच त्यांनी मधल्या खांबावरचे टेकू काढून टाकले आणि पूल खांबाला न टेकता उभा असल्याचे दाखवून दिले, असे सांगत. ही गोष्ट कितपत खरी, हे सांगता येणार नाही. पण पूल खांबावर टेकला आहे की नाही, यावर लोक पुढे अनेक वर्षे वाद घालीत. विल्यम कॉक्स नावाचे एक इंग्रज प्रवासी तेथे गेले, तेव्हा एकटा माणूस चालला तरी पूल थरथरतो आणि मालाने भरलेल्या गाड्या मात्र सुखरूप पलीकडे जातात, हे पाहून चकित झाले. एका सामान्य सुताराने हे काम केले, याचेही त्यांना नवल वाटले.

यानंतर ग्रुबेनमान यांना कामांची कमतरता राहिली नाही. वेडेन्सविल येथे त्यांनी 1764 ते 1767 या काळात एक मोठे चर्च बांधले. त्याच्या प्रशस्त दालनात छपराला आधार देणारा एकही खांब नाही. त्याच सुमारास वेटिंगेन येथे लिमाट नदीवर त्यांनी सुमारे 61 मीटरचा पूल बांधला. येथे मात्र मध्ये खांब नव्हता! तुळया एकावर एक रचून, खाचांनी एकमेकींत अडकवून आणि बोल्टांनी आवळून त्यांची कमान केली होती. 1780 साली जॉन सोन हे तरुण इंग्रज वास्तुविशारद स्वित्झर्लंडला गेले आणि त्यांनी या पुलांचा बारकाईने अभ्यास केला.

1783 साली टॉयफेन येथेच ग्रुबेनमान यांचे निधन झाले. पुढची घटना पाहण्याची वेळ त्यांच्यावर आली नाही, हे एका परीने बरेच झाले. 1799 साली फ्रेंच आणि ऑस्ट्रियन सैन्यांची लढाई त्या भागात पोहोचली. माघार घेणाऱ्या फ्रेंच सैन्याने शत्रूला नदी ओलांडता येऊ नये म्हणून शाफहाउझेनचा पूल पेटवून दिला. छपरामुळे चाळीस वर्षे कोरडे राहिलेले लाकूड ते! आग लागायला कितीसा वेळ लागणार? त्याच वर्षी वेटिंगेनचा पूलही जळाला. खांबावर टेकल्याचा वाद राखेबरोबर नदीत वाहून गेला.

खांब नसलेल्या पुलाचा तो लाकडी नमुना मात्र शाफहाउझेनच्या संग्रहालयात अजून आहे. आणि कूबेल येथे उरनेश नदीवर ग्रुबेनमान यांनी 1780 साली, सत्तरी ओलांडल्यावर बांधलेला सुमारे 30 मीटरचा छोटा पूलही उभा आहे. त्याच्या मध्ये खांब नाही, आणि त्याचे छप्पर अजून पाऊस अंगावर घेत आहे.