सर डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर : हेडमास्तर ते विधिमंडळ

मालवण येथे दिनांक ६ जुलै १८३७ रोजी एका सारस्वत कुटुंबात रामकृष्णपंतांचा जन्म झाला. वडील गोपाळराव महसूल खात्यात कारकून होते. बदली म्हटली की कारकुनाच्या घरी चिंता पसरते, हे कारकुनीतच उभा जन्म गेलेल्या प्रस्तुत लेखकास नव्याने कळावयाचे नाही. पण गोपाळरावांची रत्नागिरीस झालेली बदली विद्येस फलदायी ठरली, कारण तेथे सरकारी इंग्रजी शाळा होती. त्या शाळेतून १८५३ साली रामकृष्णपंत मुंबईच्या एल्फिन्स्टन संस्थेत गेले. तेथे दादाभाई नौरोजी त्यांचे शिक्षक होते. शिक्षणखात्याचे संचालक हॉवर्ड यांच्या सूचनेवरून ते संस्कृताकडे वळले. मुंबई विद्यापीठाने १८६२ साली पहिले पदवीधर बाहेर काढले, त्यांत महादेव गोविंद रानडे यांच्याबरोबर त्यांचेही नाव होते.

पुढे १८६४ साली सिंधमधील हैदराबादच्या सरकारी हायस्कुलाचे ते हेडमास्तर झाले आणि लगेच १८६५ साली रत्नागिरीस त्याच पदावर आले. ज्या गावी विद्यार्थी म्हणून शिकले त्याच गावी शाळेचा कारभार त्यांच्या हाती आला. त्यांची संस्कृतची पहिली व दुसरी पुस्तके याच काळातील होत. व्याकरण पाठांतराने नव्हे, तर धड्याधड्याने समजून कसे घ्यावे हे त्यांनी मुलांस दाखविले. शंभर वर्षांहून अधिक काळ ही पुस्तके शाळांतून चालली. त्यांच्या मोठमोठ्या ग्रंथांपेक्षा या दोन लहान पुस्तकांनीच अधिक घरांत संस्कृत नेले, असे आम्हांस वाटते.

एल्फिन्स्टन कॉलेजात काही वर्षे त्यांनी संस्कृतच्या प्राध्यापकाचे काम हंगामी म्हणून केले. जागा कायम करण्याची वेळ आली तेव्हा १८७३ साली ती विलायतेहून आलेल्या पीटर पीटरसन यांस मिळाली व भांडारकरांस दुय्यम जागी राहावे लागले. त्यांनी राजीनामा दिला नाही, की हातातील अभ्यासही सोडला नाही. शिलालेख, ताम्रपट, जुन्या हस्तलिखितांची पोथीखाने धुंडाळून केलेली याद, हे काम चालूच राहिले. कीलहॉर्न जर्मनीस परतल्यावर पुण्याच्या डेक्कन कॉलेजातील अध्यापकपद त्यांस लाभले आणि १८९३ पर्यंत त्यांनी ते भूषविले. १८८४ साली दख्खनच्या प्राचीन इतिहासावरील त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. १८८५ साली गॉटिंगेन विद्यापीठाने त्यांस डॉक्टर केले व पुढल्या वर्षी व्हिएन्नाच्या प्राच्यविद्या परिषदेस ते जातीने उपस्थित राहिले.

विद्वत्तेपेक्षाही कठीण कसोटी घरातच आली. १८९१ साली त्यांनी आपल्या विधवा कन्येचा पुनर्विवाह करून दिला. ज्ञातीतील बहुतेकांचा त्यास विरोध होता. ज्ञातीचा रोष म्हणजे पंगत, सोयरीक आणि देवळातील मान या तिन्हींस मुकण्याची धास्ती, ही गोष्ट महाजन घराण्यांस समजावून सांगण्याचे कारण नाही. व्यासपीठावरून सुधारणा सांगून घरी जुनी चाल पाळणारे त्या काळीही पुष्कळ होते. भांडारकर प्रार्थना समाजाचे होते, तुकोबांच्या अभंगांवर त्यांची निष्ठा होती, आणि शास्त्रही त्यांनी इतरांहून अधिक वाचलेले होते. त्याच वर्षी संमतिवयाच्या वादात, वयात येण्यापूर्वी कन्येचा विवाह झालाच पाहिजे असे धर्मशास्त्र म्हणत नाही, हे त्यांनी मूळ ग्रंथांच्या आधारे मांडले. पुण्यात त्यावरून मोठे रण माजले व टिळकांशी त्यांचा मतभेद झाला.

१८९३ ते १८९५ ते मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू होते. नंतर १९०३ साली गव्हर्नर जनरलच्या विधिमंडळावर त्यांची नेमणूक झाली. तेथे लॉर्ड कर्झन यांच्या विद्यापीठ विधेयकास त्यांनी पाठिंबा दिला. गोपाळ कृष्ण गोखले मात्र त्याच विधेयकाविरुद्ध उभे होते. लोकमत गोखल्यांच्या बाजूचे होते व सरकारचा हेतू विद्यापीठांवर आपला ताबा वाढविण्याचा होता, असे आज मागे वळून पाहता म्हणावे लागते. तथापि भांडारकरांनी अनेक वर्षे वर्गात काढलेली होती आणि शिकवणीचा दर्जा सुधारावा हीच त्यांची तळमळ होती. १९०४ ते १९०८ या काळात ते मुंबई प्रांताच्या विधिमंडळात होते. १९११ साली त्यांस सर ही पदवी मिळाली.

६ जुलै १९१७ रोजी, त्यांच्या ऐंशीव्या वाढदिवशी, पुण्यास भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्था स्थापन झाली. आपला ग्रंथसंग्रह त्यांनी तिला दिला. महाभारताची चिकित्सक आवृत्ती तेथेच सिद्ध झाली. २४ ऑगस्ट १९२५ रोजी, ऋषिपंचमीच्या दिवशी, वयाच्या अठ्ठ्याऐंशीव्या वर्षी त्यांनी देह ठेवला.