शॉसाहेबांचे ताट

शाकाहारी घरात जन्मून शाकाहारी राहणे मला फारसे अवघड वाटत नाही. समजून-उमजून मांस सोडणे आणि आजारपणातही ते पुन्हा न धरणे, हे खरे अवघड. म्हणून नाटककार जॉर्ज बर्नार्ड शॉ यांची हकीकत सांगते.

शॉ यांचा जन्म १८५६ साली डब्लिन शहरी झाला. विसाव्या वर्षी ते लंडनला आले. हाती पैसा नाही, कादंबऱ्या कोणी छापीना. अशा दिवसांत, १८८१ साली, कवी शेलीच्या विचारांच्या प्रभावाने त्यांनी मांस सोडले. लंडनमध्ये स्वस्त शाकाहारी खानावळी निघाल्या होत्या, त्यांचाही आधार झाला.

कसोटी लागली १८९८ साली. पायाचे हाड सडून शस्त्रक्रिया करावी लागली. मांस खा, असा आग्रह झाला. शॉ बधले नाहीत, आणि बरेही झाले.

त्याच वर्षी शार्लटबाईंशी त्यांचा विवाह झाला. बाई मांसाहारी! शॉ यांनी लेखणीने शाकाहाराचा पुरस्कार केला, पण पत्नीच्या ताटात हात घातला नाही. १९४३ साली बाई वारल्या, तोवर पंचेचाळीस वर्षे तो संसार टिकला.

दूध, अंडी ते घेत. १९३८ साली रक्तक्षयावर यकृताच्या अर्काची इंजेक्शनेही घेतली. ताट मात्र बदलले नाही. १९५० साली, ९४ व्या वर्षी ते निवर्तले.

मला वाटते, नेम आपल्या ताटापुरता कडक असावा. शेजारच्या ताटाला त्याचा जाच होऊ नये.